तंबूखालची वीतभर जागा

वऱ्हाडात जाऊन आलो म्हटलं की लोक पहिलं विचारतात, चिखलदरा बघितला का. नाही बघितला. मेळघाटातला वाघ? तोही नाही. आम्ही जमीन बघायला गेलो होतो, आणि तीही विकत घ्यायला नव्हे, नुसती आडवं पडायला. दोन माणसं पाय पसरून झोपतील एवढा सपाट, कोरडा, न टोचणारा तुकडा, बस्स. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे फारशी संधी मिळणार नाही.

आम्ही म्हणजे मी आणि आमचे हे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी त्यांना नावानं हाक मारत नाही, पण लिहिताना सारखं ‘हे’ आणि ‘ह्यांनी’ करत बसले तर वाचणारा वैतागेल. म्हणून इथे माधव म्हणते. समोर म्हणायची अजून छाती होत नाही.

माधवना झोप येत नव्हती. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हापासून रात्रीचं सगळं त्यांनीच केलं, मला हात लावू दिला नाही. सासूबाईंना काही हवं असलं की त्या उशाशी ठेवलेल्या वाटीवर चमचा वाजवायच्या आणि दुसऱ्या ठोक्याच्या आत माधव उठलेले असायचे. सासूबाई गेल्या, वाटी मांडणीत गेली, पण माधवचं उठणं थांबलं नाही. रात्री कधीही बघावं तर हे पलंगावर बसलेले, मान जरा तिरकी करून ऐकतायत. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, तळपायाला तूप चोळून झालं. डोळ्यांखाली काळं आलं, गाडी चालवताना एकदा डुलकी लागली आणि दुभाजकाला घासून आली. तेव्हा मी घाबरले. एवढ्यावरच निभावलं, पुढच्या वेळी निभावेलच असं नाही.

एकदा चिडून विचारलं, नक्की होतं काय तुम्हाला? तर म्हणाले, “घरात कोणी जागं नसतं गं. मग मी झोपू कसा?” मी म्हटलं, मी जागते. त्यावर म्हणाले, तू बसल्या बसल्या घोरतेस. आणि ते खरंच होतं.

मग मी माळ्यावरून तंबू काढला. तरुणपणी माधव सह्याद्रीत भटकायचे, आणि आयुष्यातली सगळ्यात चांगली झोप तंबूत लागली असं नेहमी सांगायचे. वलगावचे दिनकरभाऊ, त्यांचे नोकरीतले जुने सोबती, कधीपासून बोलवत होते. संक्रांत झाली, तिळगूळ वाटून संपला, आणि आम्ही साताऱ्याहून निघालो. गाडी बहुतेक वेळ मी चालवली.

वलगाव

अमरावतीहून वलगाव हाकेच्या अंतरावर. गेल्या गेल्या दिनकरभाऊंच्या घरी रोडगे झाले होते. कणकेचे मोठे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकायची, बुक्की मारून फोडायचे आणि तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी. आमच्याकडे भाकरी हातावर घेऊन मोडतात, इथे जेवणाआधी ताकद लावावी लागते. मी दोन खाल्ले आणि तिसऱ्याकडे बघत बसले.

जेवण झाल्यावर माधवनी शेतात तंबू लावायचं काढलं, तसा दिनकरभाऊंचा चेहरा उतरला. “काहून जी, आमच्या घरात जागा नाई का? गादी टाकून राहिलो ना मी,” म्हणाले. त्यांना झोपेची गोष्ट सांगितली. ऐकून घेतलं, पण पटलेलं दिसलं नाही. पाहुणा शेतात झोपतो म्हणजे गाव काय म्हणेल, ही त्यांची काळजी, आणि ती काही चुकीची नव्हती.

आता जमिनीचं सांगते. आमच्या बाजूला तंबू लावायचा म्हणजे पहिला तास दगड वेचण्यात जातो. वेचता वेचता एक राहतोच, आणि तो नेमका बरगडीखाली येतो. इथे काळ्या रानात दगड औषधालाही नाही. मला आधी आनंद झाला. मग खुंट्या ठोकायची वेळ आली तेव्हा कळलं की ठोकायलाही दगड नाही. गाडीचा पाना आणला. खुंटी एका ठोक्यात आत जायची आणि जरा दोरी ताणली की तितक्याच सहज बाहेर यायची. पावसाळ्यात फुगलेली ती माती आता वाळून भेगाळायला लागली होती, आणि भेगाही अशा की माझा हात मनगटापर्यंत आत गेला. चहाचा चमचा एका भेगेत पडला तो गेलाच, टॉर्च मारून बघितलं तरी तळ दिसेना.

शिवाय धसकटं. तूर विळ्यानं तिरकी कापलेली, तिचे बुडखे जागोजाग उभे, तंबूच्या तळाला भोक पाडायला टपलेले. आम्ही दोघांनी उकिडवं बसून ते उपटले, ढेकळं फोडली, भेगा बुजवल्या, वर दिनकरभाऊंनी दिलेलं सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, पसरलं. कुशीवर झोपणाऱ्यानं कमरेखाली आणि खांद्याखाली जरासा खळगा करून घ्यावा, ही माधवची जुनी युक्ती, तीही केली. एवढी निगुतीनं जागा मी बाळंतिणीचीही केली नसती. मी त्यावर छान झोपले. सकाळी उठून पाहते तर माधव बाहेर शाल पांघरून बसलेले, मान तिरकी.

दुसरा दिवस अमरावतीत फिरण्यात आणि मोझरीला जाऊन येण्यात गेला. अमरावतीचा दह्यातला गिला वडा खाल्ला, मोझरीला आश्रमात थोडा वेळ शांत बसलो. रात्री पुन्हा तोच तंबू, तीच निगुती, तेच बसणं. आता मला त्या तंबूचाच राग यायला लागला होता.

दर्यापूरच्या पुढे

दर्यापूर सोडून अकोल्याकडे निघालो की खारपाण सुरू होतं. जमिनीखालचं पाणी खारट, म्हणून हे नाव. एका फाट्यावर चहा घेतला, तोही किंचित खारट लागला, आणि टपरीवाल्याला मात्र तो गोडच वाटत होता. माधवनी त्याला विचारलं, इकडे रात्री मुक्काम करायला चांगली जागा कुठे? तो म्हणाला, काळीत नका झोपू, पांढरीवर जा, तिकडच्या रिठावर. तिथे कोणी काही म्हणत नाही.

इकडे काळी म्हणजे कसायची जमीन आणि पांढरी म्हणजे घरं बांधायची. गावं पांढऱ्या मातीवर उभी राहतात, भिंतीही तिच्याच. कधी पूर येतो, कधी साथ येते, कधी पाणीच पिण्याजोगं राहत नाही, आणि गाव उठून दुसरीकडे जातं. लाकूडफाटा, दारं, खिडक्या सगळं सोबत नेतात, भिंती पावसात विरघळून जातात, आणि मागे पांढऱ्या मातीचा उंचवटा तेवढा राहतो. त्याला रीठ म्हणतात. हे मला नंतर कळलं. तेव्हा नुसतं एवढंच दिसलं की चहूकडे हिरवागार हरभरा आणि मध्येच एक पांढुरकं टेकाड, वर बाभळी.

वर गेलो. सगळीकडे बाभळीचा बारीक पाला आणि वाळक्या शेंगा पडलेल्या, पायाखाली कुरकुरणाऱ्या. आणि मधोमध एक सारवलेली जमीन. स्वच्छ, चौकोनी, कडा सरळ, आजूबाजूपेक्षा बोटभर उंच. तिच्यावर एक पान नव्हतं. बाभळीची फांदी थेट तिच्यावर आलेली, तरी एक शेंग नव्हती.

माधव म्हणाले, खळं असणार. मी म्हटलं, खळं गोल असतं. ते म्हणाले, आता मशीनवर काढतात, कोणाला गोल हवंय. वाद घालण्याइतकं त्राण त्यांच्यात नव्हतं, म्हणून मीच सोडून दिलं. खालच्या शेतात एक बाई हरभऱ्याची कोवळी भाजी खुडत होती. मी वरून ओरडून, हातवारे करून विचारलं, इथे झोपलं तर चालेल का. तिनं हात वर करून हलवला, चालेल म्हणून, आणि गाठोडं डोक्यावर घेऊन गावाकडे निघून गेली.

जागा काय सांगू. तंबू पसरला तर तो त्या चौकोनात मापानं बसला. खुंट्या कडेला लागून ठोकल्या त्या आत गेल्या आणि राहिल्या, हलवून हलल्या नाहीत. आडवं पडून पाहिलं तर एक खडा टोचला नाही. माझा तर विश्वास बसेना. फक्त एक खोट होती. एका टोकाला, मधोमध, दाराच्या रुंदीएवढी लांब आणि वीतभर रुंद पट्टी सारवायची राहिली होती. तिथे माती उघडी, खडबडीत, उखणलेली. आणि जमिनीचा उतार असा की डोकं त्याच बाजूला करावं लागणार, म्हणजे ती पट्टी माधवच्या खांद्याखाली येणार.

आता मी कोण आहे ते सांगते. माझ्या माहेरी सारवणाचं काम माझ्याकडे असायचं, आणि जुन्या सारवणाला मी दिलेला नवा जोड कुठे ते कोणाला दाखवता यायचं नाही. अर्धवट सारवलेली जमीन बघून माझे हात शिवशिवायला लागले. कोण ही आळशी बाई, म्हटलं, एवढं सुंदर केलं आणि वीतभर टाकून उठली. तंबू बाजूला सरकवला. बांधावरून शेण आणलं, तिथलीच पांढरी माती बोटांनी चाळून घेतली, बाटलीतलं पाणी घालून कालवलं. खडबड आधी दगडानं घासायची, तर दगड नाही, म्हणून स्टीलच्या पेल्याच्या बुडानं घासली. मग हातानं कमानी काढत, मागे सरकत, कोपऱ्यापर्यंत सारवत आणलं. वारं होतं, दिवस मावळायच्या आत वाळलंही. जोड मला स्वतःला दिसेना. माधव म्हणाले, अगं, एवढं कशाला? मी म्हटलं, तुमच्या खांद्यासाठी.

दिनकरभाऊंच्या घरून बांधून आणलेलं खाल्लं. माधव म्हणाले, जरा पाठ टेकून बघतो. मी चप्पल काढून आत डोकावले तोवर ते झोपले होते. चष्मा तसाच नाकावर. मी हळूच काढला, तरी हलले नाहीत. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. किती दिवसांनी त्या माणसाचं तोंड सैल पडलेलं पाहिलं होतं.

मी बाहेर बसले. उजेड जात होता. रातकिडे सुरू व्हायची वेळ, पण ते खालच्या शेतात वाजत होते, वर नव्हते. वाऱ्यानं बाभळीचा पाला घरंगळत यायचा, आमच्या जागेच्या कडेपाशी यायचा आणि वळून जायचा. दोनतीनदा पाहिलं, मग पाहणं बंद केलं. भीती म्हणावी तर ती नव्हती. एखाद्या अनोळखी घरी पाहुणी म्हणून बसावं, आत घरच्या बाईची कामाची लगबग चाललेली असावी, आणि आपण उठून हातभार लावावा की नको ते कळू नये, तसं काहीतरी वाटत होतं. अंगावर काटा आला, थंडी म्हणून मी आत गेले आणि मलाही लगेच झोप लागली.

सकाळ

जाग आली ती बाहेर छान उजाडल्यावर. माधव अजून झोपलेलेच. मी तंबूची चेन उघडली.

रात्री आम्ही चपला कुठेही फेकल्या होत्या, माझी एक तर उलटी पडली होती. त्या दाराशी जोडीनं लावलेल्या होत्या, टाचा आमच्याकडे, म्हणजे उठून सरळ पाय घालता यावेत. जेवणाची ताटं मी सकाळी घासू म्हणून तशीच ठेवली होती, ती मातीनं घासून पालथी घातलेली. आणि तंबूभोवती, टेकाडाच्या कडेपर्यंत, सगळा पाला झाडून काढलेला. केरसुणीच्या कमानी मातीत स्पष्ट दिसत होत्या. त्या कमानींवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. झाडणारीचंही नव्हतं.

मी कितीतरी वेळ एक पाय चपलेत घालून तशीच उभी होते.

माधव उठले ते हसत. चेहरा पार बदललेला. म्हणाले, “रात्री किती वेळा उठलीस गं तू?” मी म्हटलं, एकदाही नाही. ते म्हणाले, “मग कोण होतं? कोणीतरी जागं होतं बाहेर. काम चाललं होतं. म्हटलं, आहे कोणीतरी, झोपावं आपण.” मी त्यांना चपला दाखवल्या नाहीत. ताटंही पटकन पिशवीत घातली.

माधवनी तंबू उतरवून बाजूला ओढला, तेवढ्यात कालची ती बाई वर आली. तिचं नाव कमलबाई. रिठाखालचं शेत तिच्या घरचं. हातात ओलं फडकं आणि बाटली होती. हरभऱ्याच्या पानांवर पहाटे जे आंबट दव येतं त्याला आंब म्हणतात, फडकं पसरून ती टिपायची आणि बाटलीत पिळून ठेवायची, पोट दुखलं की थेंबभर घ्यायची. ती बाटली तिनं मला दिली. झोप लागली का विचारलं. लागली म्हटल्यावर म्हणाली, लागतेच इथं, धनगर झोपतात, तूर कापायला येणारे झोपतात, सगळ्यांना लागते. मग तिची नजर रात्री आमचं उसं होतं त्या टोकाकडे गेली.

“ताई,” ती म्हणाली, “इथं वीतभर सोडलेलं होतं.”

मी अभिमानानं सांगितलं, हो, मी पुरं केलं. जोड दिसतोय का बघा. तिनं वाकून बोटानं चाचपलं. जोड तिलाही सापडला नाही.

तिनं जे सांगितलं ते असं. हे गाव उठलं तेव्हा तिच्या घराण्यातली एक बाई घर सारवत होती. गाड्या जुंपल्या, लोक बोलवायला आले, तर म्हणाली, एवढं उरकून येते, अर्धवट टाकून कसं येऊ. गाड्या पुढे गेल्या. नदीला पाणी होतं. ती मागून आलीच नाही, आणि नंतर शोधायला आले तर घर सगळं सारवलेलं, फक्त दारापाशी वीतभर बाकी. तेव्हापासून घरच्या सुना दरवर्षी पावसाळा सरला की येतात, तिची जमीन सारवतात, आणि दारापाशी वीतभर सोडून उठतात.

“तिले काम बाकी पाह्यजे,” कमलबाई म्हणाली. “काम बाकी असलं की ते राह्यते घरी. सरलं की मंग कावून राहीन? निंगते. जो समोर दिसन त्याच्या मांगं.”

आम्हाला आधी सांगायला हवं होतं, असं मी जरा तडकूनच म्हणाले. ती म्हणाली, झोपणारे सारवतात हे तिला काय माहीत. आजवर कोणी सारवलं नव्हतं. तेही बरोबरच होतं. दुसऱ्याच्या जमिनीवर झोपायला जाऊन तीच जमीन सारवणारी मीच पहिली.

माधव बाजूला तंबूची घडी करत होते, शीळ वाजवत. कमलबाईनं कमरेचा विळा काढला आणि ती पट्टी पुन्हा खरवडली. मीही पेल्याच्या कडेनं खरवडलं. खाली मान घालून दोघी काम करत होतो. झाल्यावर तिनं त्या उघड्या मातीला नमस्कार केला, माझा फोन नंबर घेतला, आणि म्हणाली, पाहू.

आम्ही उतरायला लागलो तेव्हा मी एकदा वळून पाहिलं. बाभळीची एक शेंग सारवलेल्या जमिनीवर पडली होती.

अकोल्यात माधवनी दुकानात बसून दोन प्लेट नाश्ता केला, वेटरशी गप्पा मारल्या, पुढची सगळी गाडी स्वतः चालवली. मी मागे बघत नव्हते. गाडीत ओल्या शेणाचा वास होता. माझे हात असतील म्हटलं, आणि पंपावर साबणानं दोनदा धुतले. परत येऊन बसले तर गाडीच्या समोरच्या काचेखालची धूळ, चार दिवसांची, कोणीतरी पुसली होती. माधव म्हणाले, तू पुसलीस का? मी हो म्हटलं.

सातारा

घरी आल्यावर पहिले दिवस पसाऱ्याचे असतात. तंबू धुवायचा, बॅगा उपसायच्या, कपड्यांचा ढीग, काळ्या मातीनं भरलेले बूट. मी रोज थोडं थोडं करायची. आणि रोज सकाळी त्यातलं थोडं जास्त झालेलं असायचं. बुटांची माती निघालेली. सिंकमधला पेला पालथा. मी कधी विचारलं नाही, कोणाला विचारणार? माधव मात्र रात्री पलंगाला पाठ लागली की झोपत होते. डोळ्यांखालचं काळं उतरलं. सकाळी उठून स्वतः चहा करायला लागले. शेजारी म्हणाले, वऱ्हाड मानवलं तुम्हाला.

मग एका रविवारी मी कंबर कसली आणि सगळं घर आवरलं. माळा झाडला, खिडक्या पुसल्या, भांडी लखलखीत करून लावली, फरशी कोपऱ्याकोपऱ्यातून पुसून काढली. रात्री घरात करण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. मी समाधानानं झोपले.

पहाटेच्या आधी जाग आली. माधव पलंगावर बसले होते. मान तिरकी. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाले, “कोणी जागं नाही गं आज.” घरात इतकी शांतता होती की फ्रीजचा आवाज भीती घालत होता. आणि बाहेरच्या दाराची कडी, जी मी रात्री लावली होती, ती काढलेली होती. दार मात्र लोटलेलं होतं, जायला निघालेलं माणूस उंबऱ्यात थांबावं तसं.

त्याच दिवशी कमलबाईंचा फोन आला. रिठावर पाला पडून राहिलाय, म्हणाल्या. सारवण उखणलं, त्यावर कुत्री बसतात. खरवडलेली पट्टी तशीच आहे, पण तिला हात लावायला कोणी नाही. त्यांच्या सासूबाई रडतात, घरची बाई गेली म्हणतात. मग त्यांनी विचारलं, “तुमच्याकडं आली का जी ते?”

आली, म्हटलं. पण आज निघालीय असं वाटतंय.

“मंग येऊ द्या तिले,” त्या म्हणाल्या. “घर सगळं सापसूप ठेवा आजची रात. काईच काम नका ठेवू. तिची ते येईन.”

मी बरं म्हटलं. मनापासून म्हटलं. कोणाची तरी बाई, कोणाच्या तरी घराण्याची, तिची जागा तिकडे. माझ्या घरात तिनं का राबावं?

संध्याकाळी माधव खुर्चीत बसले होते. एकाच रात्रीत चेहरा पुन्हा तसाच ओढलेला. चहा दिला तर कप त्यांच्या हातातून निसटला, फुटला, आणि ते त्या तुकड्यांकडे नुसते बघत राहिले. मी तुकडे उचलले. मला तो दुभाजक आठवला.

रात्री जेवणं झाली. मी भांडी घासली, पुसून मांडणीत लावली. ओटा धुतला. फरशी पुसायला घेतली, आतल्या खोलीपासून सुरू करून मागे सरकत दाराशी आले. दारापाशी शेवटची वीतभर जागा राहिली. माझा हात आपोआप पुढे जात होता, आयुष्यभराची सवय. कोपरा सोडून मी कधी उठले नाही, माझ्या आईनं मला उठूच दिलं नसतं.

मी फडकं पिळलं, वाळत टाकलं, दिवा मालवला आणि झोपले.

सकाळी माधव घोरत होते. मी अनवाणी दाराशी गेले. कडी लागलेली होती. ती वीतभर फरशी ओली होती, आणि तिच्यावर वाळत चाललेल्या बोटांच्या कमानी होत्या, अगदी नीट, एकीला लागून एक. जोड कुठे ते मला ओळखता आलं नाही.

तेव्हापासून मी रोज रात्री तेवढी जागा सोडते. कमलबाईंचा अधूनमधून फोन येतो. मी म्हणते, येतो आम्ही, पुढच्या महिन्यात नक्की येतो, तिला घेऊनच येतो. त्या बरं म्हणतात. हरभरा निघाला, ऊन लागायला लागलं, असं काहीबाही बोलणं होतं. मग दोघींकडचं बोलणं संपतं, पण फोन कोणी ठेवत नाही.

“बरी हाय ना ते तिथं?” त्या विचारतात.

मी म्हणते, बरी आहे.